साधी कावीळ

पंच्याहत्तर सालच्या भादव्यात गावात कावीळ शिरली. किन्हीराजापासून कोसभर आत, दीडशे उंबऱ्यांचं गाव. बेबीताई तिथं सरकारी नर्स होती. गाव तिच्या माहेरचंच. बौद्धपुऱ्यात भाऊ देवमन आणि भावजय वच्छला यांच्या घरी ती राहायची. वच्छलाला सातवा महिना होता.

आधी गडीमाणसं पडली. जेवण नको, मळमळ, मग डोळे हळदीसारखे पिवळे. देवमनही पडला. बहुतेक जण तीन आठवड्यांत उठून कामाला लागले. मग सुताराची सून चंपाबाई आजारी पडली. तिला आठवा महिना. डोळे पिवळे झाल्यावर चौथ्या दिवशी ती बडबडू लागली आणि सहाव्या दिवशी पोटातल्या लेकरासकट गेली. दहा दिवसांनी रुख्मिणी गेली. तीही पोटुशी. तिचा नवरा तिच्या आधीच आजारी पडून बरा झाला होता.

बेबीताई गावविहिरीवर गेली. श्रावणातल्या पावसात विहिरीचा एका बाजूचा बांध खचला होता. वरच्या अंगाची हागणदारी धुऊन येणारं पाणी तिथूनच आत उतरत होतं. ती थेट सरपंच उदयसिंगकडे गेली.

"भाऊ, विहीर बंद करा. विहिरीत टाकाची पावडर येईस्तोवर झिऱ्याचं पाणी उकळून प्या म्हणा लोकांले."

उदयसिंग खाटेवरून उठला नाही. "बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं ही विहीर तुमच्या लोकांले खुली केली. तवापासून तुमी भरून राह्यले. त्याच्या आधी कावीळ नव्हती गावात."

"घागरीनं पाणी नासलं नाही. बांध खचला हाय. चला, डोळ्यानं पाहा."

"पाह्यलं मी. तुमी शिकलेल्या, म्हून बोलून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोन माणसं काठ्या घेऊन बसली. बौद्धपुऱ्यातल्या बायका रित्या घागरी घेऊन परतल्या आणि नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर गेल्या. विहिरीचं घाण पाणी गावानं आपल्यासाठी राखून ठेवलं.

बेबीताईनं वर अर्ज पाठवला. आठ दिवसांनी दुसरा पाठवला. उत्तर आलं नाही. घरी ती हंडाभर पाणी उकळायची. वच्छला कुरकुरायची, "ताई, गोवऱ्या पाण्यातच जाऊन राह्यल्या. भाकर कायवर भाजू?"

पण हा रोग महिनाभर अंगात दबून राहतो आणि मग दिसतो, हे तेव्हा बेबीताईला माहीत नव्हतं. एका सकाळी वच्छलानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. बेबीताईनं तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"पिवळे हाएत ना?" वच्छलानं विचारलं.

"हो."

"ह्यायचे बी झाले होते. हे उठले ना."

"तूबी उठशील," बेबीताई म्हणाली, आणि खोटं बोलल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

बैलगाडीनं मालेगाव, तिथून एसटीनं वाशीम. दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर सरळ बोलले. "बाई, गरोदरपणात शरीराची झुंजायची ताकद कमी होते. जी कावीळ गड्याला तीन आठवड्यांत सोडते, ती हिला सोडेलच असं नाही. याच्यावर औषध नाही आमच्याकडे."

तिसऱ्या दिवशी वच्छलानं बेबीताईला ओळखलं नाही. चौथ्या दिवशी मेलेलं लेकरू झालं, रक्त थांबेना, आणि दुपारी ती गेली.

देवमन दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला होता. "ताई, एकच पाणी पेलो ना आमी दोघं?"

बेबीताई त्याच्याजवळ बसली.

दसऱ्यानंतर आरोग्य खात्याची जीप आली. साहेबांनी पावडरीची पोती उतरवली आणि सरपंचाच्या ओट्यावर कागद काढले.

"काविळीनं किती गेले?"

"एकबी नाही," उदयसिंग म्हणाला. "तीन बाया बाळंतपणात गेल्या."

"साहेब, तिघी काविळीनं गेल्या," बेबीताई म्हणाली. "तिघींचे डोळे मी पाह्यले. दोघी तर बाळंत झाल्याच नाहीत."

साहेबांनी वर पाहिलं. "गडीमाणूस कोणी दगावलं का?"

"नाही."

"मग साधी कावीळ आहे, बाई. बाळंतपणातले मृत्यू वेगळ्या रकान्यात जातात." त्यांनी काविळीपुढं शून्य लिहिलं आणि चहाची बशी तोंडाला लावली.

विहिरीत पावडर पडली, बांधही दुरुस्त झाला. काठीवाले मात्र हलले नाहीत. बौद्धपुरा त्या वर्षभर झिऱ्याचंच पाणी प्यायला.

देवमन म्हणाला, "बदली मागून घे, ताई. कायले राह्यतं इथं?" तिनं मागितली नाही. गावात अजून चार बाया पोटुश्या होत्या, आणि त्यातली एक उदयसिंगची सून. बेबीताई रोज तिच्याही दारात जायची आणि बाहेरूनच विचारायची, "पाणी उकळलं का गं?" आतून हो यायचं. तिला आत कोणी बोलावलं नाही. चूल पेटलेली आहे की नाही, हे ती उंबऱ्याबाहेरूनच वाकून बघायची.