टेमरआजीचं निळं बोट

दुपारी वाचनालयाची बाई त्यांच्या संग्रहासाठी आमचं जुनं पुस्तक बघायला येणार, म्हणून सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता. पुस्तक मुलांचं. गुलामी किती वाईट ते चित्रांतून सांगणारं, गुलामी चालू होती तेव्हाच इथे फिलाडेल्फियात छापलेलं. छापलं गोऱ्यांच्या पोरांसाठी. पण माझ्या आजोळची, चार-पाच पिढ्यांमागची टेमरआजी मेरीलँडच्या गुलामीतून इथे पळून आली, लोकांचे कपडे धुऊ लागली आणि मालकिणीने टाकून दिलेल्या याच पुस्तकावरून चाळिशीत वाचायला शिकली. नीळ लागलेलं बोट ती ओळीखालून फिरवायची. तिचा फोटो नाही, थडगं नाही. त्या निळ्या खुणा तेवढ्या होत्या.

पुस्तक आर्नेटामामीकडे असायचं. मी पोचले तर टेबलावर खळ घातलेली पांढरी चादर, मक्याचा पाव, आणि पुस्तकाशेजारी पावाचे चुरलेले तुकडे. निळसर पडलेले.

मी ओरडलेच. "मामी, काय केलंस हे?"

"पावाने घासून पुसलं! कुणा कार्ट्याने खडू फासून ठेवलेला. गोरी बाई येणार, आपलं काही मळकं दिसायला नको. काळे म्हणजे मळके, हे आयुष्यभर ऐकलंय मी."

"अगं, ती टेमरआजीची बोटं होती!"

मामी मटकन खाली बसली. "मग सांगायचं नाही? लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, तरी तुमच्या घरातलं मला शेजारणीकडून कळतं!"

खरं होतं ते, पण माझा संताप आवरेना. मी भराभरा पानं उलटत ओळींखाली बघत गेले. कोरं. कोरं. शेवटच्या पानावर, अगदी शेवटच्या ओळीखाली, एक निळा ठसा राहिला होता. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

बाई गोड होती. पानं हलकेच उलटत म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंत हो तुम्ही!" मामीने मान खाली घातली. बाई शेवटच्या पानाशी थांबली. "हा एवढाच डाग. काळजी करू नका, आमची माणसं अलगद काढतील."

मी तोंड उघडायच्या आत मामीने पुस्तक ओढून छातीशी धरलं.

"हात लावायचा नाही," मामी म्हणाली. "आमच्या सासरची म्हातारी आहे ती. अजून वाचतेय."