बाहीतलं पॉलिश

फर्निचरला पॉलिश करणारे बाबा त्या संध्याकाळी घरी आले, तेव्हा लेकीने पुस्तकातून मान वर न करताच नाक मुरडलं. "बाबा, आधी अंघोळ, मग चहा."

"हो बाईसाहेब," बाबा हसले. "याच वासावर तुमची पुस्तकं आली बरं."

दुसऱ्या दिवशी कामावर असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं.

तीन महिन्यांत घरातला तो वास पार उडून गेला. मग जन्मात कधी परफ्यूम न लावलेली लेक परफ्यूमच्या दुकानात शिरली. "लाकडाचा, पॉलिशमधल्या टर्पेंटाइनचा वास येईल असं काही आहे?"

दुकानातल्या बाईंनी पाच बाटल्या मांडल्या. तिने पाचही एकाच मनगटावर फवारल्या आणि सगळी खिचडी झाली.

"नवीनच दिसताय, ताई. नाक थकलं की आपल्याच बाहीचा वास घ्यायचा. मग पुढची बाटली."

तिने दुसऱ्या हाताच्या बाहीत नाक खुपसलं. अंगातला स्वेटर बाबांचा होता. रोज घालून घालून तिला त्याचा वास जाणवेनासा झाला होता. आता मात्र विणीतून पॉलिशचा पुसटसा वास आला.

"पुढची देऊ?" बाईंनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. मग बाईंसमोरच, बाहीत तोंड ठेवून ती म्हणाली, "बाबा, मला आवडायचा तुमचा वास."