पेटीवाल्याची परीक्षा

या, असे पुढे येऊन बसा. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, आणि मागे भिंतीला टेकलं की डोळा लागतो हे काय मला ठाऊक नाही? आजची गोष्ट पुराणातली नाही, आपल्या भोपाळच्या अयोध्या नगरातली आहे. पण रामराया हीसुद्धा ऐकतो, या भरवशावर सांगायची.

तर शंकरराव. दिवसा मंडीदीपच्या एका कारखान्यात वायरमन आणि संध्याकाळी राममंदिरात नलिनीताईंच्या कीर्तनाला पेटीवर. मागच्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि उजवा खांदा पुन्हा वर जाईना. साहेब म्हणाले, शिडी बंद, हवं तर गेटवर बसा. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपत उरलेली नोकरी काढायची, या विचारानंच त्यांना घास गोड लागेना. तेवढ्यात कळलं, मिसरोदच्या प्रशिक्षण केंद्रात वायरिंग शिकवणारा हवाय. पण तिथे नुसतं काम येऊन भागत नाही. शिकवणं आणि पारखणं, दोन्हींची परीक्षा द्यावी लागते. शंकररावांनी ठरवलं, गेटवर बसायचं नाही.

शिकवण्यात ते एका झटक्यात पास झाले. अडले ते पारखण्यात. तिथे उमेदवार काम करतो, तुम्ही त्याला पारखायचं, आणि मागे खुर्चीवर बसलेल्या मंजूषा मॅडम तुम्हाला पारखणार. उमेदवाराच्या जिवाला धोका असेल तरच मध्ये पडायचं. एरवी बोट हलवायचं नाही. समोरचा पोरगा कुठली तार घ्यावी म्हणून नुसता थबकला, तोच शंकररावांनी ती त्याच्या हातात दिलीसुद्धा.

मॅडमनी विचारलं, "शंकररावजी, परीक्षा याची होती की आपली?"

नापास. आता एकच संधी, तीही महिन्याभरात. केंद्र त्यापुढे जागा राखणार नव्हतं.

घरी लीलावहिनी म्हणाल्या, "माझ्या फोडणीत हात घालता, ते मी चालवून घेते. सरकार कशाला घेईल?"

नलिनीताईंनी तर आणखी सुनावलं. "निरूपणात मी मधेच गप्प होते ना, तेव्हा मी विसरलेली नसते, शंकरराव. लोकांना जरा विचार करू देते. आणि तुम्ही लगेच सूर भरता. कित्येक वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमचं मन मोडवेना. आता परीक्षकानंच मोडलंय, तर म्हटलं सांगून टाकू."

त्या दिवसापासून शंकररावांनी मंदिरातच सराव धरला. ताई थांबल्या की ते भाता सोडत आणि हात मांडीवर ठेवत. बोटं शिवशिवत. तबलजी हसे. पण महिना सरता सरता ती शांतता त्यांना सोसू लागली, इतकंच काय, तिच्यात रामनामही ऐकू येऊ लागलं.

दुसऱ्या परीक्षेला समोर आली जुई. मिसरोदचीच मुलगी. कामाला हुशार पण घाईची. एक बटण, एक दिवा, एवढीच जोडणी, आणि शेवटी दिवा बदलून दाखवायचा. तारा सोलून झाल्या आणि ती अडली. तिनं शंकररावांकडे पाहिलं. ते हात मांडीवर ठेवून गप्प. मग तिनं चुकीची तार उचलली. फेज, म्हणजे करंट आणणारी तार, बटणातून न्यायची, ती सरळ दिव्याच्या होल्डरला जोडली, आणि बटणातून न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, नेली. अशा जोडणीत दिवा लागतो, बटणानं विझतोही, पण विझल्यावर होल्डरमध्ये करंट तसाच राहतो. शंकररावांना हे दिसत होतं. ते बोलले नाहीत, फक्त त्यांचा डावा हात मेन स्विचवर येऊन थांबला.

दिवा लागला. जुई खुलली. "सर, लग गया ना? झालं?"

"आता दिवा बदल."

मेन बंद करते का, निदान टेस्टर तरी लावते का, हे त्यांना पाहायचं होतं. तिनं बटण बंद केलं आणि थेट होल्डरकडे हात नेला.

"थांब. हात मागे." आणि मेन खाली.

शंकररावांनी टेस्टर तिच्या हातात दिला, मेन पुन्हा चालू केलं आणि बाजूला झाले. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर पेटलेला तिनं स्वतः पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"सर, एवढं एक सोडलं तर सगळं बरोबर आहे. सोसायटीत काम मिळतंय मला. लिहून द्या ना."

पूर्वीचे शंकरराव असते तर विरघळले असते. हे म्हणाले, "सोसायटीत मी नसेन मेनवर हात ठेवायला." आणि निकालात लिहिलं, अजून सक्षम नाही.

मागून मंजूषा मॅडम म्हणाल्या, "याही वेळी मध्ये पडलात."

"पडलो, मॅडम. नापास करायचं तर करा. पुन्हा असंच झालं तर पुन्हा पडेन."

"तिथे पडायचंच असतं," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. "त्याआधी मात्र पडला नाहीत."

बाहेर पायरीवर जुई पाठ फिरवून बसली होती. शंकरराव शेजारी टेकले. "सोमवारपासून मी इथेच शिकवतोय. ये."

"आणि पुन्हा फेल कराल."

"चुकलीस तर करेन."

ती पायरीवरची माती खरवडत राहिली. शंकररावांनी घाई केली नाही. शेवटी तिनं विचारलं, "किती वाजता?"

शंकररावांचं झालं ते रामरायानं चांगलंच केलं. पण जुईची परीक्षा अजून व्हायची आहे, पुढच्या महिन्यात. तेव्हा मंडळी, आज घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मुलीची आठवण असू द्या.