फुलांच्या बियांची चाळण

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. पीठ चाळणारी नव्हे, बियाण्यांच्या दुकानात रानफुलांचे बी चाळणारी. माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. माझ्यातून सगळे गळून खाली जाते, भीती तेवढी वर राहते.

एका सुताराने लाकडाची पट्टी वाकवून माझे कडे केले आणि त्यावर बारीक तारेची जाळी ठोकली. कडे आणि जाळी जिथे मिळतात तिथे एक फट राहिली, नखही शिरणार नाही एवढी. सुताराला त्यात काही वावगे वाटले नाही. दुकानात आल्यावर मला कळले की त्या फटीत बी अडकून बसते. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

दुकान आत्यांचे. सगळी गिऱ्हाइके त्यांना आत्याच म्हणतात. फळबागवाल्यांना मधमाश्या हव्या असतात, म्हणून ते बांधावर पेरायला फुलांचे मिश्रण नेतात. गुरे पाळणारे चाऱ्याचे नेतात. गिऱ्हाईक दारात आले की आत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "गुरं कुठवर येतात?" जमीन कशी, पाणी किती, हे सगळे नंतर. कारण आमच्या फुलांच्या मिश्रणात जांभळी घंटी असते. मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात, पण गाईने तिचा पाला खाल्ला तर गाय आडवी होते आणि पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो. म्हणून भिंतीला खिळे दोन आणि चाळण्याही दोन. मी फुलांची आणि पलीकडे माझी बहीण, चाऱ्याची. आमची अदलाबदल कधी होत नसे.

आत्या मला उजेडात धरून पाहायच्या, ब्रशने फट झाडायच्या आणि म्हणायच्या, "अशी जाळी आता शोधून सापडायची नाही." मी मनातल्या मनात फुगून जायचे. मग आत्यांचे गुडघे दुखू लागले आणि काम सुनेच्या हाती आले. सून कामाला विजेसारखी, पण ब्रश कुठल्याशा डब्यामागे पडला तो पडलाच.

एकदा बहिणीची जाळी फाटली म्हणून तिला सुताराकडे पाठवले. नेमकी त्याच दिवशी दूधवाली मावशी चाऱ्याचे बी घ्यायला आली. ती रोज सकाळी दुकानात दूध घालते. तिच्या गोठ्यात दोनच गाई, त्यातली एक गाभण. सुनेने मला खिळ्यावरून काढले, टेबलाच्या कडेवर दोनदा आपटले आणि म्हणाली, "झटकली की झालं." माझी जाळी गार पडली. लसूणघासाचे बी माझ्यावर ओतले गेले, मी हलत राहिले आणि फटीतले धुळीसारखे बारीक दाणे खाली पडताना मला कळले. ओरडावेसे वाटले, पण चाळणीला तोंड कुठे असते?

मावशी पिशवी घेऊन हसत गेली. पुढे रोज सकाळी दारात तिची दुधाची किटली वाजेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

आत्यांची एक सवय होती. गुडघे धरले तरी ती सुटली नव्हती. विकलेल्या प्रत्येक मिश्रणातले चिमूटभर बी त्या खिडकीतल्या पसरट कुंड्यांत वेगवेगळे पेरायच्या. एका सकाळी मावशी दूध घालून गेल्यावर त्या मावशीच्या चाऱ्याच्या कुंडीवर वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

"सूनबाई, हे पान बघ. लव आहे याला."

"उगवलं असेल काहीतरी गवत."

"गवत नाही, घंटी आहे ही. मावशीचा चारा कशात चाळलास?"

सुनेने माझ्याकडे पाहिले.

"आई, पहिली कापणी आजच आहे. आत्ताच सांगून गेली ती."

ती चपला न घालताच धावली. आत्या दारात उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक आले, त्याला त्यांनी काही विचारले नाही.

दुपारी सून परत आली. हातापायांना चिखल, आवाज बसलेला.

"चारा गव्हाणीत टाकला होता, आई. मी ओढून काढला. पण एकीनं तोंड घातलं होतं."

"कोणी?"

"गाभणीनं."

शेतातली जांभळी घंटी सुनेने आणि मावशीने गुडघ्यांवर बसून उपटली होती. डॉक्टर येऊन गेला होता. बाकी कुणाच्याच हातात काही उरले नव्हते.

दुसऱ्या सकाळी किटली वाजली नाही. ऊन टेबलावर आले, तरी नाही. सून दाराकडे पाहत होती आणि दाराकडे पाहायचे टाळतही होती. अखेर वाजली. मावशीचे डोळे सुजले होते. ती एवढेच म्हणाली, "उठली."

सुनेने मला खिळ्यावरून काढले. मग मला मांडीवर घेऊन सुईने तिने माझी फट कोरून काढली, दुपारपर्यंत. आता ती रोज कोरते.

मित्रांनो, वस्तू जागेवर टांगण्याआधी तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. आम्हाला बोलता येत नाही आणि तुमची घाई आम्हाला थांबवता येत नाही. मावशीच्या गाईला वासरू झाले आहे, ते नुकते चारा खाऊ लागले आहे. पण घंटीचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. त्या शेतातला चारा पुन्हा वाढला आहे, आणि आज अजून किटली वाजलेली नाही.