दादाने मारलेली थाप

दातांच्या दवाखान्यातले सगळे तिला कवळीताई म्हणायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती म्हाताऱ्यांच्या कवळ्या करायची. समोर प्लास्टरचे साचे, बाजूला मेण वितळवायचा दिवा. हात एकदम स्थिर. सहा वर्षांपूर्वी हेच हात सकाळी दारूचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय थरथरायचे थांबत नसत.

दारू तिने सोडली ती एका आठवणीमुळे. थोरल्या भावाच्या पोरीला, सहा वर्षांच्या भाचीला, शाळेतून आणायचं काम तिच्यावर होतं. ती पिऊन भावाच्या सोफ्यावर पडली आणि पोर साडेपाचपर्यंत शाळेच्या फाटकात रडत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर दादाने हे सांगितलं, तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली. चौथ्या दिवशी ती आपण होऊन उपचाराला दाखल झाली. त्यानंतर दर बुधवारी समुपदेशक बाईंकडे. सहा वर्षांत एक बुधवार चुकला नाही.

यंदा बाईंनी सुचवलं, की हे ओझं आता ज्याचं त्याच्यासमोर उतरवून टाका. म्हणून एका रविवारी ती दादाकडे गेली. वहिनी आणि भाची बाहेर गेल्या होत्या. दादा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत होता. तिने पाठ केलेलं सगळं सांगितलं. पोरीचं लाल दप्तर, तिचे ओले मोजे, सगळं डोळ्यांसमोर आहे म्हणाली, आणि माफी मागितली.

दादाचा ब्रश थांबला.

"तू नव्हतीस गं," तो बुटाकडे बघतच म्हणाला. "तिला आणायचं माझ्याकडे होतं. मी मित्रांकडे मॅच बघत बसलो आणि विसरलो. तुला कोणी सांगितलंच नव्हतं."

तिला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग तिने विचारलं, की माझं नाव का घेतलंस. दादाने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिला काही आठवत नव्हतं, वहिनीचा तिच्यावर तसाही भरवसा नव्हता, आधीच एवढी बदनाम, त्यात आणखी एका चुकीची भर पडली तर काय बिघडलं, असं त्याला वाटलं होतं. "आणि चार दिवसांनी तू दाखल झालीस. मग कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलं असतं आणि तू पुन्हा प्यायला लागली असतीस तर?"

ती निघाली. रस्त्यात तिला एकच प्रश्न पडला होता. मग ते लाल दप्तर कुठून आलं? ओले मोजे कोणाचे?

त्या आठवड्यात तिने एका आजोबांच्या कवळीत उजवा सुळा डावीकडे बसवला. डॉक्टरांनी कवळी परत पाठवली आणि बरं नाही का, असं विचारलं. ती बरी होती. प्यावंसंही वाटत नव्हतं. खरं म्हणजे ते का वाटत नाही, हेही कळत नव्हतं.

बुधवारी सगळं ऐकून बाईंनी विचारलं, राग आला का.

"येतोय की नाही तेच उमजत नाही," ती म्हणाली. "त्या थापेने माझा जीव वाचला. आता दादाचे पाय धरू की कान उपटू?"

बाई म्हणाल्या, की थापेने तुम्हाला फक्त दारापर्यंत आणलं, पुढचे सगळे बुधवार तुम्हीच आलात. वाक्य चांगलं होतं, पण ते तिच्या गळी उतरेना. इतकी वर्षं आपण वाईट, म्हणून चांगलं व्हायचं, हा हिशोब सोपा होता. आता कशासाठी?

तिने दादाला फोन करून एवढंच सांगितलं, की वहिनींना तू स्वतः सांग. दादाने सांगितलं. घरात काय झालं ते तिला कळलं नाही, पण दोन दिवसांनी वहिनी थेट तिच्या कामाच्या खोलीत आल्या आणि साच्यांच्या गर्दीत उभ्या राहिल्या.

"सहा वर्षं मी पोरीला तुझ्याजवळ एकटं सोडलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर केलंत, वहिनी. माझ्यावर सोपवलं असतं, तर मीही विसरलेच असते."

"मग माफी कोणी कोणाची मागायची?"

मग वहिनींनीच विचारलं, की शनिवारी त्या दोघांना एका लग्नाला जायचं आहे, तर पोर तुझ्याकडे राहील का. ती हो म्हणाली.

बारा वर्षांची भाची शनिवारी दुपारी आली ती कानात इअरफोन घालूनच. जेवताना आत्याने धीर करून विचारलं, की तुला तो शाळेतला दिवस आठवतो का गं.

"कुठला?" भाचीने एका कानातला इअरफोन काढला. आत्याने सगळं सांगितलं. पोरीने आठवायचा मनापासून प्रयत्न केला आणि मान हलवली. "नाही गं, आत्या. पण माझं दप्तर निळं होतं. ते मला पक्कं आठवतंय."

आत्याला हसू आलं, आणि लगेच रडूही. भाचीने घाबरून पाण्याचा पेला पुढे सरकवला. आत्याने तो रिकामा केला, डोळे पुसले आणि तिला आणखी वाढू का, असं विचारलं.