मेलेल्यासाठी मागणं

मिस्त्रीचा मुलगा गेला, तेव्हा बापलेकांचा अबोला होता. सकाळीच गॅरेजमध्ये, बसखाली आडवं पडून काम करता करता दोघांची जुंपली होती. "मला तुमचा देव नको!" म्हणत पोरानं हातातला पाना भिरकावला आणि तो तडक निघून गेला. दुपारी नदीत पोहायला उतरला, तो वर आलाच नाही.

मिस्त्री आठवडाभर इंजिनं खोलायचा आणि रविवारी आपल्या नव्या चर्चच्या मंडळीपुढे उपदेश करायचा. तरुणपणी त्यानं घरचं जुनं चर्च सोडलं, ते एकाच प्रश्नावर: "हे कुठे लिहिलंय?" मेणबत्त्या, संतांच्या तसबिरी, मृतांसाठीची मिस्सा-प्रार्थना, जे शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. मोठी बहीण मात्र जुन्या चर्चमध्येच राहिली. पोराला माती देताना ती म्हणाली, "त्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द माग रे." त्यानं नकारार्थी मान हलवली. माणसाचा काय तो निकाल जिवंतपणीच लागतो, असं तोच तर सगळ्यांना शिकवत आला होता. तो कबरीपुढे फक्त जिवंतांशी बोलला आणि पोरासाठी काही न मागता घरी आला.

पण मग त्याला अन्न गोड लागेना. देव नाकारून गेलेल्या पोराची वाट त्याच्याच शिकवणीनं बंद केली होती. तो शास्त्र उघडून बसायचा, ग्रीसनं काळी पडलेली बोटं ओळींवरून फिरवायचा. बापाला मागायची मुभा देणारी एखादी ओळ! सापडेना.

शेवटी लाज गिळून तो बहिणीकडे गेला. ती शिवणयंत्रावर बसली होती.

"ताई, तुमच्यात मेलेल्यांसाठी मागतात, ते कशाच्या आधारावर?"

"आमच्या शास्त्रात तसं एक पुस्तक आहे. तुमच्या लोकांनी ते काढून टाकलंय."

"ते शास्त्रातलं नव्हेच."

"आणि हे कुठे लिहिलंय?" तिनं यंत्र थांबवलं. "कोणती पुस्तकं खरी, हे ठरवलं कुणी? माणसांनीच ना? जुन्या माणसांनी सांगितलं आणि तूही निमूट ऐकलंस."

मिस्त्रीच्या पायाखालची जमीनच सरकली. "मग ती माणसं चुकली असतील तर? तुमचीही आणि आमचीही?"

बहिणीचा आवाज एकदम खाली आला. "ते मला नको विचारूस, बाबा. मला फक्त मागता येतं."

तो घरी परतला, तर बायको पोराच्या खाटेशी गुडघे टेकून पुटपुटत होती. त्याला बघताच दचकून उठली. "चादर झटकत होते..."

"कधीपासून चाललंय?"

"माती दिली त्या दिवसापासून," ती म्हणाली. "तुमच्या भीतीनं चोरून करत होते."

"ऐकत असेल देव?"

"मला काय ठाऊक? नसेल ऐकत, तरी मी गप्प कशी बसू?"

तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर आला. मंडळीपुढे तासन्‌तास बोलणाऱ्याला एकच वाक्य सुचलं. "बुडू देऊ नकोस त्याला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, जणू पोर अजून पाण्यातच होतं.

रविवारी त्यानं हे सगळं मंडळीला सांगितलं. पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे गृहस्थ उभे राहिले. "शास्त्रात याला आधार कोणता?"

"मला सापडला नाही," मिस्त्री म्हणाला. "आणि मला थांबताही येत नाही."

तो व्यासपीठावरून खाली उतरला आणि बायकोचा हात धरून दाराकडे चालू लागला.