आधी तोबरा

दूर आखातात युद्ध पेटलं आणि चोपड्याला ट्रॅक्टरपुरतंही डिझेल मिळेनासं झालं. केळी काही युद्ध संपायची वाट पाहत नाहीत. झुंबरबाईच्या पुतण्याने, गिरधरने, काकूची तांबडी घोडी गाडीला जुंपली आणि मळ्यातून घड फाट्यावर, बाहेरून डिझेल भरून येणाऱ्या ट्रकपर्यंत, न्यायच्या खेपा सुरू केल्या. आठवडाभरात घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा झुंबरबाई भिजवलेल्या हरभऱ्याचा, तोंडाला बांधायचा तोबरा घेऊन मळ्यात गेली.

भर दुपार. गडी निंबाखाली भाकरी खात होते. घोडी मात्र भरल्या गाडीला जुंपलेलीच, मान टाकून उभी.

"हिले दुपारना दाणा?"

"सकाळले पोटभर देयेल शे, काकू. बैलबी तेवढ्यावरच राबतस," गिरधर म्हणाला.

तिथेच त्याचं चुकत होतं. त्याची हयात बैलांत गेलेली. बैल सकाळी भराभर गिळतो आणि मग निवांत रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं, पण वरचेवर लागतं. झुंबरबाईच्या नवऱ्याने तीस वर्षं टांगा हाकला. घोड्याला तोबरा बांधल्याशिवाय त्याने कधी भाकरी मोडली नाही.

"सोड तिले."

"युद्ध चालू शे, काकू! ट्रक उभा शे फाट्यावर."

"युद्ध तिकडे शे. मन्ही घोडीनी कोनासंगे वैर करं?"

"पाटवर बसाडीसन जेवाड तिले!" सुकदेव गडी ओरडला. सगळे हसले.

घोडी घरी नेली असती, तर पहाटे गिरधरने पुन्हा जुंपली असती. झुंबरबाई वाकली, चाकाची लोखंडी खीळ उपसली आणि कनवटीला खोचली. खीळ नसली की चार पावलांत चाक निखळतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. हसू विरलं.

"खीळ दे!" गिरधर अंगावर धावून आला.

"आधी तोबरा. मंग अर्धा माल खाले उतार. मंग खीळ."

"मरशी तव्हय खांदा देनार नही मी तुले!"

"नको देऊ. आज घडले दे."

तिने गाडीला टेकू लावून घोडी सोडली, पाणी पाजलं, तोबरा बांधला. घोडी दाणे फोडू लागली. गिरधर शिव्या देत एकेक घड उतरवू लागला. हात लावायला गड्यांनाही भाकरी टाकून उठावं लागलं. ट्रकवाल्याचा फोन वाजत राहिला.

गिरधर अजून काकूशी बोलत नाही. पण रोज दुपारी ती येते, खीळ काढते, आणि तोबरा बांधून होईपर्यंत एकही गडी भाकरीचं फडकं सोडत नाही.